वीज केंद्राची भट्टी आणि विंझरचा पेंढा



नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागले आणि मार्गासनी मागे टाकली की विंझर येते. गेल्या सुगीत भाताची झोडणी उरकत आली होती, तेव्हा मी तिथे एका खळ्यावर बसलो होतो. चहा यायचा होता, तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक टेम्पो थांबला आणि त्यातून उतरलेला माणूस पेंढ्याच्या गंजीकडे पाहत पाहत खळ्यावर आला. पेंढा द्यायचा असला तर घेऊ, तूस असेल तर तेही घेऊ, असे त्याचे म्हणणे. कशाला हवा, असे विचारले तर म्हणाला, बारीक करून, दाबून त्याच्या कांड्या करतात. पेलेट म्हणतात त्यांना. त्या वीज केंद्राच्या बॉयलरात कोळशाबरोबर जाळतात, सरकारचाच तसा नियम आहे. भाव सांगून, विचार करून ठेवा म्हणून तो निघून गेला.

तो गेल्यावर खळ्यावर वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, "एवढ्या कोळशात आपला पेंढा म्हणजे दर्यात खसखस." दुसऱ्याने कुठेतरी ऐकले होते की पेंढ्याने बॉयलर बिघडतो, त्यामुळे व्यापारी घेतील आणि पुढे पैसे अडकवतील. घरातल्या आजी सूप पाखडता पाखडता ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, आमच्या चुलीत पेंढा घातला की भसकन पेटतो, तव्याला धग लागायच्या आत राख. तिथं काय येगळं व्हनार?"

मी शेतकीचा पदवीधर. बॉयलर हा माझा विषय नव्हे. पण आजींच्या प्रश्नाला उत्तर देता येईना, ते मनाला लागून राहिले. माझ्या एका वर्गमित्राचे बंधू औष्णिक वीज केंद्रात भट्टीच्या चाचण्या घेत. त्यांच्याकडे दोन दिवस बसलो, चार पुस्तके चाळली. त्यातून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवतो. पेंढा विकायचा की ठेवायचा हा निर्णय त्याच्याशी जोडलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आधी आपल्या चुलीपासून सुरुवात करू, कारण तिथे माझी एक चूक झाली होती. १९८३ साली देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. मी नोकरीला नवा असताना एका गावात अशा बिनधुराच्या चुली बसवण्याच्या कामात होतो. किती चुली बसल्या याचा आकडा आम्ही वर कळवत असू. एका घरी गृहिणीने मला दारातच थांबवले आणि म्हणाली, "धूर गेला ओ, पन सरपन दुप्पट लागतंय." मला पटेना. मग तिच्याच चुलीवर एक पातेले पाणी मोजून ठेवले, लाकडे तराजूत तोलून घातली आणि पाणी उकळेपर्यंत किती जळाली ते पाहिले. जुन्या चुलीवरही तेच केले. बाई खरे बोलत होती. धुराडे उंच घेतले होते आणि चुलीचे तोंड मोठे ठेवले होते. त्यामुळे हवा इतकी ओढली जाई की जाळ पातेल्याला वळसा घालायच्या आत धुराड्यात शिरे. तोंडाशी वीट लावून हवा कमी केली तेव्हा सरपण कमी लागू लागले. जास्त लावली तेव्हा पुन्हा धूर झाला. कुठेतरी मध्ये एक जागा होती आणि ती तराजूशिवाय सापडत नव्हती.

वीज केंद्राच्या भट्टीचे सगळे शास्त्र याच विटेभोवती फिरते, फक्त तिथली चूल पंधरा मजल्यांएवढी उंच असते.

आपल्या राज्यात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, पारस आणि नाशिकजवळचे एकलहरे इथे कोळशावर चालणारी सरकारी वीज केंद्रे आहेत. त्यांत चंद्रपूरचे सर्वांत मोठे, २,९२० मेगावॅटचे. एकलहऱ्याला २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. हा २१० मेगावॅटचा संच देशात पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून उदाहरणाला तोच घेऊ.

या संचाची भट्टी म्हणजे चारही भिंती पोलादी नळ्यांच्या असलेली एक उभी पोकळ खोली. नळ्यांतून पाणी फिरते आणि त्याची वाफ होते. ही अख्खी खोली जमिनीवर उभी नसते, वरच्या तुळयांना टांगलेली असते. तापली की ती काही इंच वाढते, आणि ती वाढ खाली मोकळ्या जागेत व्हावी यासाठी ही योजना. कोळसा आत जाण्याआधी चक्कीत दळला जातो, तोंडाला लावायच्या पावडरीइतका बारीक. हवेच्या झोताबरोबर तो चार कोपऱ्यांतून आत फुंकतात. चारही झोत मधल्या एका कल्पित वर्तुळाला चाटून जातील असे रोखलेले असतात, त्यामुळे मधोमध आगीचा एक गोळा गरगर फिरत राहतो. त्याचे तापमान १,३०० ते १,५०० अंश सेल्सियस. कोळशाचा कण आत आला की त्याला जळायला मिळतात जेमतेम दोन-तीन सेकंद. तेवढ्यात जळाला तर जळाला, नाहीतर काळा कण म्हणून राखेबरोबर बाहेर.

आता हिशेब करू. एक युनिट वीज निर्माण करायला अशा जुन्या संचाला सुमारे २,४५० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्याकडच्या कोळशात किलोला ३,५०० किलोकॅलरी धरल्या तर युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागला. तुमचा पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साडेचार युनिट घेतो. रात्री आठ तास चालला की ३६ युनिट. म्हणजे सगळी वीज कोळशाची धरली, तर तुम्ही बॅटरी घेऊन बांधावर फिरत असता त्या रात्री दूर कुठेतरी तुमच्या नावाचा पंचवीस किलो कोळसा जळतो. तारांतली गळती धरली तर तीस किलो. आणि आपल्या कोळशात राख शंभराला ३५ ते ४५ असल्याने त्यातली दहाएक किलो राख होऊन पडते. पूर्ण भाराने चाललेला २१० मेगावॅटचा संच तासाला दीडशे टनांच्या आसपास कोळसा आणि आठशे टनांच्या आसपास हवा खातो. कोळशापेक्षा पाचपट हवा लागते हे ऐकून मीही चकित झालो होतो.

एवढ्या मोठ्या चुलीत विटेची जागा कशी शोधायची? लाकूड तोलले, पाणी मोजले, असे इथेही करता येते. कोळसा किती गेला आणि वाफेत उष्णता किती गेली याचा भागाकार केला की कार्यक्षमता निघते. पण ताशी दीडशे टन कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरचे वजन थोडे चुकले तरी उत्तर चुकते, आणि शिवाय तोटा कुठे होतो ते कळत नाही. म्हणून चाचणी घेणारे उलटीकडून येतात. उष्णता कोणकोणत्या वाटेने वाया गेली ते एकेक मोजतात आणि शंभरातून वजा करतात.

सर्वांत मोठ्या वाटा दोन. एक, धुराड्याने बाहेर जाणारा तापलेला वायू. दुसरी, कोळशातल्या पाण्याची आणि हायड्रोजनची झालेली वाफ, जी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात कोळसा भिजला की ही दुसरी वाट रुंद होते. ओले सरपण आणि आपल्या घरातल्या बायका यांचे जे नाते, तेच तिथले. त्यानंतर राखेत न जळता राहिलेला कोळसा, आणि भिंतींतून होणारी थोडी गळती. सगळे वजा जाता चांगल्या बॉयलरची कार्यक्षमता ८५ ते ८८ टक्के भरते. धुराड्याचा वायू नेहमीपेक्षा वीस-बावीस अंश जास्त तापलेला जाऊ लागला, तर एक टक्का गेला. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो; या संचात तो दिवसाला चाळीस टन कोळसा, म्हणजे दोन मोठे ट्रक.

राखेतल्या कोळशाची गंमत पाहा. ज्या देशांत कोळशात राख शंभराला दहाच असते, तिथे राखेत एक टक्का कोळसा उरला तर फारसे बिघडत नाही. आपल्याकडे राखच चौपट, त्यामुळे तोच एक टक्का उष्णतेत जवळजवळ एक टक्क्याचे नुकसान करतो. हे मोजण्याची रीत मात्र साधी आहे. राखेचा नमुना घ्यायचा, वाळवायचा, तोलायचा, छोट्या विजेच्या भट्टीत पुन्हा जाळायचा आणि पुन्हा तोलायचा. जेवढे वजन घटले तेवढा कोळसा शिल्लक होता.

नमुना कसा घेतात ते ऐकताना मला माझेच काम आठवले. मातीपरीक्षणासाठी आपण नागमोडी चालत शेतात आठ-दहा ठिकाणी खड्डे घेतो, माती एकत्र करतो, ढीग गोल पसरून त्याचे चार भाग करतो, समोरासमोरचे दोन टाकून देतो आणि अर्धा किलो उरेपर्यंत तेच करत राहतो. कोळशाचा नमुनाही नेमका असाच चार भाग करत कमी करतात. धुराच्या बोगद्यात तर अख्खी चौकट आखतात आणि प्रत्येक चौकोनात नळी घालून वायू ओढून घेतात, कारण एकाच बोगद्यात डावीकडे प्राणवायू दोन टक्के आणि उजवीकडे सहा टक्के असे सर्रास असते. एका जागी मोजून निष्कर्ष काढणे म्हणजे उकिरड्याच्या कडेची माती नेऊन, शेत सुपीक आहे म्हणण्यासारखे. तुमच्यापैकी कितीजणांनी तशी माती मला आणून दिली आहे ते मी इथे लिहीत नाही.

प्राणवायू हीच त्यांची वीट. बाहेर जाणाऱ्या वायूत तीन ते चार टक्के प्राणवायू उरला तर हवा बरोबर. कमी उरला तर कोळसा अर्धवट जळतो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जास्त उरला तर विनाकारण हवा तापवून धुराड्याने सोडत आहोत असा अर्थ. जुन्या बॉयलरांत भेगांतून बाहेरची हवा आत शिरते आणि आकडा फसवा येतो, म्हणून तो दोन-तीन ठिकाणी पडताळून पाहतात. चाचणीच्या वेळी संच तासन् तास एकाच भारावर स्थिर ठेवावा लागतो, आणि तसे ठेवायला मिळणे हीच मोठी अडचण, असे ते गृहस्थ सांगत होते.

आता भट्टीच्या आतले तापमान. तिथे साधा तापमापक चालत नाही, आणि तो वितळतो एवढेच कारण नाही. अंगणात उन्हात थर्मामीटर ठेवला तर तो हवेचे तापमान सांगत नाही, उन्हाने आपल्याला तापवले ते सांगतो. भट्टीत उलटे होते. भोवतीच्या नळ्या आगीच्या मानाने गार असतात. उघडा तापमापक त्यांच्याकडे आपली उष्णता फेकत राहतो आणि खरे तापमान असते त्याहून शंभर-दोनशे अंश कमी दाखवतो. म्हणून पाण्याने गार ठेवलेली लांब नळी आत सरकवतात, टोकाशी चिनी मातीच्या टोपीत तापमापक लपवतात आणि जोराने वायू ओढून त्याच्यावरून नेतात. सावलीत ठेवलेला थर्मामीटर म्हणा ना. एवढी खटपट करूनही नळी पोहोचते तेवढ्याच जागेचे तापमान कळते. आगीच्या गोळ्याच्या पोटात काय चालले आहे ते कळत नाहीच.

इथून पुढचे काम गणिताचे, आणि ते आपल्याच पुण्यात झालेले आहे. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा तुम्ही ऐकून असाल. १९५० साली ती सुरू झाली. तिथे असताना डॉ. विवेक रानडे आणि डॉ. देवकुमार गुप्ता यांनी दळलेल्या कोळशावर चालणाऱ्या बॉयलरांची संगणकावर प्रतिकृती करण्याचे काम केले. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी उदाहरणाला घेतलेला बॉयलरही २१० मेगावॅटचाच, कोपऱ्यांतून झोत फुंकणारा.

प्रतिकृती म्हणजे काय, हे भातखाचरांवरून सांगतो. डोंगरउतारावर एकाखाली एक खाचरे असतात. प्रत्येक खाचराला बांध असतो. वरच्या खाचरातून पाणी येते, खालच्यात जाते, थोडे मुरते. प्रत्येक खाचराचा जमाखर्च बरोबर मांडला, तर शेवटच्या खाचरात किती पाणी पोहोचेल हे घरी बसून सांगता येईल. भट्टीची पोकळी अशाच लाखो छोट्या खाचरांत मनाने वाटतात. प्रत्येकात हवा किती आली व गेली, कोळसा किती जळला, उष्णता किती शिरली, हा जमाखर्च संगणक मांडतो. सगळ्या खाचरांचा मेळ बसेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडत राहतो. एक फरक मात्र मोठा. पाणी शेजारच्याच खाचरात जाते. आगीची धग मधल्या गोळ्यापासून थेट दूरच्या भिंतीवर पोहोचते. शिवाय निरपेक्ष तापमान दुप्पट झाले की फेकली जाणारी धग सोळापट होते. त्यामुळे तापमानातली थोडी चूक उत्तरात पुष्कळ वाढते. कोळसा कोणत्या वेगाने जळतो हेही आधी प्रयोगशाळेत त्याच कोळशाचा चिमूटभर नमुना जाळून, तोलून ठरवावे लागते. चंद्रपूरच्या बाजूचा कोळसा आणि ओरिसातला कोळसा सारखा जळत नाही, जशी इंद्रायणी आणि आंबेमोहोर एका वेळी शिजत नाही.

आणि संगणकाने चित्र कितीही सुंदर काढले तरी ते प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहावे लागते. ज्या चार-सहा जागी नळी पोहोचली तिथले आकडे जुळले, तर न पोहोचलेल्या जागांबद्दल त्याचे ऐकायचे. प्रत्यक्ष मोजमापाच्या अशा कामासाठी नागपूरजवळ कोराडीला सेंट्रल पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटचे औष्णिक संशोधन केंद्र आहे. बॉयलरच्या नळ्या का फुटल्या, आणखी किती वर्षे टिकतील, तोटा कुठे होतो, याच्या तपासण्या ते करते. नळी फुटणे हे कोळशाचा संच अचानक बंद पडण्याचे नेहमीचे कारण. तुमच्या रोहित्रावर वीज का नाही, याचे उत्तर कधी कधी तिथल्या बोटभर भेगेत असते.

हे सगळे पेंढ्याशी कुठे जोडले जाते ते आता सांगतो.

भट्टीच्या वरच्या तोंडाशी, जिथून वायू वाफ तापवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात शिरतो, तिथले तापमान हा चाचणी घेणाऱ्यांचा सर्वांत जिवाचा आकडा. तो साधारण १,००० ते १,१०० अंश असतो. आपल्या कोळशाची राख बहुधा त्याच्या वरच मऊ पडते. म्हणजे नळ्यांपाशी पोहोचेपर्यंत राख कोरडी असते; नळ्यांवर बसली तरी वाफेचे फवारे मारून झाडता येते. पण तोंडाशी तापमान वाढले, किंवा कमी तापमानाला वितळणारी राख आली, तर ती गुळाच्या पाकासारखी चिकटते. चिकटलेला थर धग अडवतो, काजळी धरलेल्या पातेल्यासारखे होते. मग भट्टीत उष्णता कमी शोषली जाते, तोंडाशी तापमान आणखी वाढते आणि राख आणखी चिकट होते. शेवटी मोठमोठी ढेकळे सुटून खाली कोसळतात.

पेंढ्याची राख अशीच चिकट होणारी आहे, आणि कारण आहे पोटॅश. भाताचे पीक जमिनीतून जेवढे पालाश घेते, त्यातला बहुतांश, शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी भाग, दाण्यात न जाता पेंढ्यात राहतो. पोटॅश आणि पेंढ्यातली सिलिका एकत्र तापली की त्यांची काच व्हायला कोळशाच्या राखेपेक्षा कितीतरी कमी उष्णता पुरते. विंझरच्या त्याच घराच्या कोनाड्यात एक हिरवट-काळा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा भोके असलेला काचेचा गोळा होता. काही वर्षांपूर्वी त्यांची गंजी पेटली, राख उपसताना तो सापडला. घरातले त्याला विजेचा दगड समजत आणि पूजेजवळ ठेवत. मी तो हातात घेऊन पाहिला होता, पण काय आहे ते मलाही तेव्हा उमगले नव्हते. तो पेंढ्यातल्या पोटॅशचा आणि सिलिकेचा वितळलेला गोळा. वीज केंद्रातल्या माणसांना नळ्यांवर जे नको असते ते हेच.

तेव्हा खळ्यावरच्या त्या माणसाने ऐकले ते खोटे नव्हते. फक्त पेंढाच जाळला तर बॉयलर खरोखर बिघडेल. पण कोळशात थोडा मिसळला तर चित्र बदलते. पाच टक्के पेलेट घातले तर एकूण राखेत पेंढ्याची राख फारच थोडी येते. शिवाय आपल्या कोळशाच्या राखेत चिकणमातीचा अंश भरपूर असतो, तो पोटॅशला धरून ठेवतो आणि चिकटू देत नाही. कोळशात राख फार ही एरवीची कटकट इथे उपयोगी पडते. उत्तर प्रदेशात दादरीच्या वीज केंद्रात २०१७ साली असे पेलेट कोळशाबरोबर जाळून पाहिले गेले. त्यानंतर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी कोळशाच्या वीज केंद्रांसाठी याचे धोरण जाहीर केले. २०२३ मध्ये त्यात बदल करून २०२४-२५ पासून पाच टक्के आणि २०२५-२६ पासून सात टक्के असे प्रमाण ठरवले. टक्केवारी आणि मुदती अशा बदलत राहतात, म्हणून टेम्पोवाल्याच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका. पण त्याने नियमाचे सांगितले ते खरे होते.

आता आपल्या बाजूने पाहू. एक टन पेंढा शेताबाहेर गेला की त्याच्याबरोबर सुमारे पंधरा ते वीस किलो पालाश जाते. म्युरेट ऑफ पोटॅशच्या पन्नास किलोंच्या गोणीत तीस किलो पालाश असते. म्हणजे टनामागे अर्ध्या गोणीहून थोडे जास्तच तुम्ही टेम्पोत भरून दिले. पेंढा गुरांनी खाल्ला तर ते शेणातून आणि गोठ्यातल्या मुतातून परत येते. रोपासाठी राब भाजता तेव्हाही राखेतून ते त्याच वाफ्यात राहते. राब भाजू नका म्हणून मी तीस वर्षे सांगत आलो. पालापाचोळा आणि शेण जाळण्यापेक्षा कुजवलेले बरे, हे माझे मत आजही कायम आहे. पण राबातले पोटॅश निदान गावात राहते, एवढे मला कबूल करावे लागेल. तेव्हा पेंढ्याचा भाव ठरवताना अर्ध्या गोणी पोटॅशची किंमत आधी वजा करा, मग उन्हाळ्यात विकत घ्याव्या लागणाऱ्या वैरणीची किंमत वजा करा आणि मग काय उरते ते पाहा. ज्याच्या दावणीला दोन गुरे आहेत त्याच्या हाती माझ्या मते काही उरत नाही. पंजाब-हरियाणात जिथे पेंढा शेतातच पेटवून देतात, तिथला हिशेब वेगळा आहे.

तुसाची गोष्ट निराळी. तुसात राख शंभराला वीस असते, पण ती जवळजवळ सगळी सिलिका. पोटॅश अगदी कमी. गुरे तूस खात नाहीत, ते लवकर कुजतही नाही, आणि भाताच्या गिरणीमागे त्याचे ढीग पडून असतात. बॉयलरलाही पेंढ्यापेक्षा तूस सोसते; ते नळ्यांना घासते, पण चिकटत नाही. ते विकायला माझी हरकत नाही.

आजींचा प्रश्न राहिलाच. भसकन पेटतो हे त्यांचे निरीक्षण अचूक आहे. पेंढ्यातून जळणारा वायू लवकर सुटतो, म्हणून तो कोळशाच्या आधी पेट घेतो. चुलीत त्याचा तोटा होतो, कारण जाळ पातेल्याखाली थांबत नाही. दळलेल्या कोळशाच्या भट्टीत ज्या कणाला दोन-तीनच सेकंद मिळतात, तिथे शेजारी लवकर पेटणारे काही असणे हे चांगलेच. हल्ली दिवसा सौर वीज आली की कोळशाच्या संचांना भार उतरवावा लागतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे तो ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरवता आला पाहिजे. इतक्या मंद जाळावर आगीचा गोळा फडफडतो, विझू पाहतो, आणि तो टिकवायला महागडे तेल फवारावे लागते. आपल्या भागात पंपांना दिवसा वीज द्यायची तर भट्टीला हे मंद जळणे शिकावे लागेल, आणि त्याच्या चाचण्या हेच आता तिथल्या लोकांचे मोठे काम आहे.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा विंझरला गेलो तेव्हा टेम्पोवाला येऊन गेला होता. पेंढा ओला आहे म्हणून त्याने भावात काट मागितली होती. किती ओला, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ते घरी कसे पाहायचे ते मी त्यांना दाखवले, तुम्हीही करून पाहा. गंजीच्या वरचा, पोटातला आणि बुडाचा असा पाच-सहा ठिकाणचा पेंढा काढा, कोयत्याने बारीक करून एकत्र करा, त्यातला बरोबर एक किलो तोला. स्वच्छ फडक्यावर पसरून दोन-तीन कडक उन्हांत वाळवा, रात्री आत घ्या, आणि वजन घटायचे थांबले की पुन्हा तोला. शंभर ग्रॅम घटले तर निदान दहा टक्के ओलावा होता. उन्हात न सुटणारा थोडा आणखी धरा. किलोभर पाण्याची वाफ व्हायला सहाशेहून जास्त किलोकॅलरी जातात, तेव्हा घेणारा ओलाव्याची काट लावणार हे रास्तच आहे, पण ती मोजून लावावी.

त्यांचा पेंढा वरून कोरडा आणि बुडाला भिजलेला निघाला. गंजी उंच दगडांवर रचलेली नव्हती. तूस त्यांनी दिले. पेंढा ठेवला आहे, आणि तो काचेचा गोळा अजून कोनाड्यात आहे. आजी म्हणाल्या, "आसू द्या साहेब, इतकी वर्सं पुजलाय."